अंतर भागिले वेग बरोबर वेळ? डिचोलीच्या मास्तरांना उत्तर

प्रश्न डिचोलीच्या एका निवृत्त गणित शिक्षकांचा आहे. त्यांची मुलगी इंग्लंडात स्विंडनला असते. डिसेंबरात जायचं, एप्रिलात परत यायचं. मोपा (गोव्याचा नवा विमानतळ) ते लंडन गॅटविक थेट विमान. मोबाईल अंतर 7,550 किलोमीटर दाखवतो, जावई विमानाचा वेग ताशी 900 सांगतो, म्हणजे 8 तास 23 मिनिटं. हाती आलेलं वेळापत्रक मात्र वेगळंच बोलतं. जाताना 13:00 ला सुटून 17:50 ला पोचायचं, येताना 20:00 ला सुटून दुसऱ्या दिवशी 9:50 ला. मास्तर लिहितात: ‘घड्याळातला साडेपाच तासांचा फरक मी दोन्हीकडे धरला. जायला 10 तास 20 मिनिटं आली, यायला 8 तास 20. रस्ता तोच, विमान तेच, मग हे दोन तास कुणी खाल्ले? आणि माझं 8 तास 23 मिनिटांचं उत्तर कुठे चुकलं?’

मास्तर, तुमचा भागाकार बरोबर आहे. फक्त तो ज्या प्रवासाचा आहे तसा प्रवास कुठलंच विमान करत नाही.

थोडं माझ्याबद्दल. दाबोळीला, गोव्याच्या जुन्या विमानतळावर, फ्लाइट डिस्पॅचमध्ये मी 24 वर्षं काढली. विमान कुठल्या वाटेने, किती उंचीवरून आणि किती तेल घेऊन जाईल याचा कागद तयार करून कॅप्टनच्या हातात द्यायचा, हे आमचं काम. हल्ली म्हापशाला भाच्याच्या तिकीट ऑफिसात दुपारची बसते. तिथे येणारा प्रत्येक दुसरा माणूस तुमचाच प्रश्न विचारतो, फक्त तुमच्याइतका नीट मांडत नाही.

आधी ते दोन तास. त्यातला एक वाऱ्याने खाल्ला, एक घड्याळाने. इंग्लंडात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे घेतात. डिसेंबरात आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे असतो, एप्रिलात साडेचारच. परतीच्या 13 तास 50 मिनिटांतून साडेपाच नव्हे, साडेचार वजा करा. 9 तास 20 मिनिटं उरतात. म्हणजे जायला 10:20, यायला 9:20. आता उरला एकच तास, आणि तो खरोखरच वाऱ्याचा आहे.

इथे तुम्हाला आवडेल अशी एक युक्ती सांगते. दोन्ही बाजूंना घड्याळाचा फरक सारखाच असेल, म्हणजे जाणं-येणं एकाच ऋतूत असेल, तर तिकिटावरच्या दोन्ही दिसणाऱ्या वेळा (सुटण्यापासून पोचण्यापर्यंतच्या) बेरीज करून निम्म्या करायच्या. टाइम झोन आपोआप कटतो, कारण एकीकडे तो वजा असतो आणि दुसरीकडे अधिक. उरते ती जाण्या-येण्याची सरासरी. दोन्ही देशांच्या घड्याळांत किती फरक आहे हे ठाऊक असण्याचीही गरज नाही. अमेरिकेची, ऑस्ट्रेलियाची तिकिटं मी वर्षानुवर्षं अशीच पडताळत आले. तुमच्या तिकिटात मात्र मधे मार्चचा रविवार येतो, म्हणून बेरीज एका तासाने फसते. गणिताच्या माणसाला नेमकं हेच तिकीट मिळावं, हेही खरंच!

आता 8 तास 23 मिनिटं. त्यातला भाज्य, म्हणजे 7,550, हा आकडा कुठून येतो? शाळेचा पृथ्वीगोल अजून घरात असेल तर काढा. बहुतेक तो 30 सेंटीमीटर व्यासाचा असतो. परीघ 94 सेंटीमीटर, म्हणजे गोलावरचा 1 सेंटीमीटर साधारण 425 किलोमीटरचा. दोऱ्याचं एक टोक गोव्यावर दाबून धरा, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणा. सैल असेल तोवर तो अरबस्तानावरून जाईल. ताणला की आपोआप उत्तरेला सरकेल आणि एका जागी थांबेल. ती बृहत्‌वृत्ताची वाट, गोलावरची सगळ्यांत आखूड. दोरा मोजलात तर पावणेअठरा सेंटीमीटरच्या आसपास भरेल. गुणून पाहा, मोबाईलचा आकडा येतो.

आमच्या धंद्यात किलोमीटर चालत नाहीत, नॉटिकल मैल चालतात, आणि त्यामागचं कारण तुम्हाला सांगायला हवं असं नाही. पृथ्वीच्या केंद्राशी 1 अंशाचा कोन म्हणजे पृष्ठभागावर 60 नॉटिकल मैल. गोवा आणि लंडन यांच्यातला कोन सुमारे 68 अंश. 68 गुणिले 60 म्हणजे 4,080 मैल. 1 मैल 1.852 किलोमीटरचा. पुन्हा तेच उत्तर. खलाशांनी हे माप किती शहाणपणाने निवडलं, ते दोऱ्याचा खेळ केल्यावर कळतं.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ ओमान, सौदी, सीरियावरून जाते. गोलावरचा ताणलेला दोरा मात्र अरबी समुद्र ओलांडून मकरानच्या किनाऱ्याला लागतो, पाकिस्तानच्या हद्दीत. मग इराण आडवा कापून कॉकेशसच्या डोंगरांवर, तिथून काळा समुद्र, रुमानियाचा उत्तर भाग आणि मग मध्य युरोप. पट्टीची वाट दोऱ्याच्या वाटेपेक्षा लांब असते, पण गोवा-लंडनला हा फरक जेमतेम दोन-तीनशे किलोमीटर. नकाशा इथे फारसा फसवत नाही. ध्रुवाच्या बाजूने जाणाऱ्या मार्गांवर, समजा दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोला, तो भलताच फसवतो.

पण दोरा ताणायला आकाश मोकळं हवं ना. आकाशाला कुंपणं आहेत. युक्रेनचं आकाश 24 फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने 2019 साली फेब्रुवारीच्या अखेरपासून 16 जुलैपर्यंत आपलं आकाश बंद ठेवलं होतं, आणि 24 एप्रिल 2025 ला भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा दार लावलं. जून 2025 मध्ये इराण-इस्रायल युद्धात इराण-इराकचं आकाशही काही दिवस रिकामं झालं. दिल्लीहून निघणाऱ्या विमानाला याचा फटका मोठा बसतो, कारण त्याला पश्चिमेला जायचं म्हणजे आधी पाकिस्तानच ओलांडायचं. आपण समुद्राकाठचे. मोपाहून उडालं की खाली लगेच अरबी समुद्र, तिथे कुंपण नाही. आपली वाट मकरानच्या ऐवजी थोडी दक्षिणेला, ओमान आणि आखाताच्या बाजूला वळते आणि पुढे तुर्कस्तानावरून युरोपात शिरते. या वळणावळणांनी 7,550 चे साधारण 8,100 किलोमीटर होतात असं धरा. रोज तेवढेच होत नाहीत. कागद रोज नवा निघतो.

आपल्या दाबोळीचा जन्मच अशा कुंपणातला आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. 1955 साली पोर्तुगिजांनी हा विमानतळ उभारला तो भारताने नाकेबंदी केली म्हणून. जवळचं आकाश बंद, त्यामुळे तिथून लिस्बनकडे जायचं ते कराचीमार्गे. 18 डिसेंबर 1961 ला भारतीय हवाई दलाने धावपट्टीवर बॉम्ब टाकले, तरी त्या रात्री दोन विमानं उरलेल्या पट्टीवरून उडाली आणि कराचीलाच गेली. साठ-सत्तर वर्षांत कुंपण पुरतं उलटं झालं.

आता भाजक, म्हणजे ताशी 900. हा आकडा जावयाने बरोबर सांगितला. बोइंग 787 सारखं विमान आवाजाच्या वेगाच्या 0.85 पट चालतं. 11 किलोमीटर उंचीवर हवा इतकी थंड असते की तिथे आवाज ताशी सुमारे 1,060 किलोमीटरनेच पळतो, त्याच्या 0.85 म्हणजे 900. पण हा वेग कशाच्या तुलनेत? आजूबाजूच्या हवेच्या. जमिनीच्या नव्हे. विमान हवेत पोहतं, आणि ती हवा स्वतःच कुठेतरी चाललेली असते.

मांडवीचं गणित तुम्ही मुलांना घातलंच असेल. होडी ताशी 6 किलोमीटर, प्रवाह ताशी 2, अंतर 12. प्रवाहाविरुद्ध 3 तास, प्रवाहाबरोबर दीड तास, एकूण साडेचार. पाणी स्थिर असतं तर 4 तास लागले असते. म्हणजे जाताना प्रवाहाने जेवढं घेतलं तेवढं येताना परत दिलं नाही. वाराही तसाच. समोरून आलेल्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकता, कारण तुमचा वेग कमी असतो, म्हणून तो आणखी खातो. ‘जाताना गेलं ते येताना भरून निघेल’ हा हिशेब आकाशात चालत नाही.

हिवाळ्यात उत्तर भारत, इराण या पट्ट्यावर 10-12 किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची नदीच वाहत असते. मराठी पुस्तकांत तिला जेट प्रवाह म्हणतात. तिच्या मध्यात ताशी 150-200 किलोमीटर हा नेहमीचा वेग, कधी त्याहून जास्त. लंडनला जाणारं विमान त्या नदीच्या उलट जातं, म्हणून डिस्पॅचर तिच्या मध्यातून न जाता काठाकाठाने वाट काढतो. परत येताना मुद्दाम मध्यात शिरतो. म्हणजे एकाच दिवशी जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन विमानांच्या वाटासुद्धा एक नसतात. ‘रस्ता तोच’ म्हणालात ना, ते इथे सुटलं.

आमच्या कागदावर एक छोटा आकडा असायचा. एम 038 किंवा पी 045, असं काहीतरी. एम म्हणजे मायनस, पी म्हणजे प्लस. पूर्ण प्रवासात वारा सरासरी किती नॉट (तासाला नॉटिकल मैल) समोरून किंवा किती मागून. कॅप्टन यायचा, तीसेक पानांची चळत उलगडायचा, आणि आधी बोट ठेवायचा ते त्या आकड्यावर. इंग्लंडची चार्टर विमानं ऑक्टोबर ते एप्रिल यायची. जानेवारीतल्या एखाद्या दिवशी एमच्या पुढे मोठा आकडा दिसला की एकमेकांकडे बघायचो, बोलायची गरज नसायची. जुन्या, लहान विमानांना त्या दिवशी मधे आखातात उतरून तेल घ्यावं लागे, आणि प्रवाशांना वाटे की गोव्याच्या माणसांनी टाकी नीट भरली नाही. जास्त तेल भरून पाठवावं, तर ते वाहून न्यायलाच तेल जळतं. तासाला साधारण तीन-चार टक्के. दहा तासांच्या प्रवासासाठी एक टन जादा भरलं तर त्यातलं तीन-चारशे किलो नुसतं वजन ओढण्यातच जातं.

तुमचं तिकीट आता उलटं सोडवू. थेट विमान, प्रत्यक्ष वाट 8,100. सुरुवात-शेवटची पाऊण तास बाजूला काढा (ती का, ते पुढे सांगते). जाताना उरतात 9 तास 35 मिनिटं, वेग आला ताशी 845. म्हणजे सरासरी 55 चा वारा समोरून. येताना 8 तास 35, वेग 944, म्हणजे 44 चा वारा मागून. एप्रिलात ती नदी ओसरायला लागलेली असते, त्यामुळे ढकल थोडी कमी. बघा, वेळापत्रकाच्या चार आकड्यांत डिसेंबर आणि एप्रिलचा वारा लिहिलेला आहे. कंपन्या वेळा ठरवतात त्या ऋतूच्या सरासरी वाऱ्यावरूनच.

पावसाळ्यात चित्र पालटतं. जून ते सप्टेंबर दक्षिण भारतावर, आपल्या डोक्यावरसुद्धा, उंचावर उलटा वारा असतो, पूर्वेकडून पश्चिमेकडे. त्याचा जोराचा गाभा विमानांच्याही वर, 14-15 किलोमीटरवर असतो, पण धग खालपर्यंत लागते. आपल्या हवामान खात्यातल्या पी. कोटेश्वरम यांनी 1950 च्या दशकात या पूर्व वाऱ्याचा छडा लावला. तेव्हा पश्चिमेची नदी उत्तरेला मध्य आशियाकडे सरकलेली असते. म्हणून जुलैत गोवा-लंडनला जाण्या-येण्यातला फरक आक्रसतो. खाली नैऋत्येचा वारा छत्री उलटी करतोय आणि वर पूर्वेचा. पावसाच्या दिवसांत डेस्कवर बसून मला याची नेहमी गंमत वाटायची.

वारा किती करू शकतो याचं माझं आवडतं उदाहरण आपल्याच एअर इंडियाचं. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला ते अटलांटिकच्या बाजूने जात, साधारण 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये वाट बदलून पॅसिफिकवरून नेली, सुमारे 15,300 किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त, आणि तरी साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर पोचले. कारण आता वारा पाठीला होता. आणि 9 फेब्रुवारी 2020 ला न्यूयॉर्कहून लंडनला एक जंबो जेट 4 तास 56 मिनिटांत पोचलं, अटलांटिकवर तेव्हा वादळ होतं म्हणून. उलट्या दिशेने त्याच वाटेला सात-आठ तास लागतात.

यावर हमखास येणारा एक प्रश्न: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला लंडन आपणहून भेटायला यायला नको का? नको, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. कोकण रेल्वेच्या डब्यात तुम्ही इंजिनाकडे चाललात काय आणि गार्डाकडे चाललात काय, चहावाल्यापर्यंत पोचायला तेवढाच वेळ.

राहिली ती पाऊण तास. तिकिटावरची वेळ ही उडण्याची नसते. चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान जागचं हललं की घड्याळ सुरू, आणि तिकडे पुन्हा ठोकळे लागले की बंद. याला ब्लॉक टाइम म्हणतात. आधी धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, मग उंची गाठेपर्यंत 20-25 मिनिटं कमी वेगाने चढणं. उतरणं तर दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर आधीच सुरू होतं. हजार फुटांना तीन नॉटिकल मैल असा आमचा ढोबळ हिशेब. लंडनसारख्या गर्दीच्या आकाशात वरच घिरट्या घालत थांबवलं तर ते वेगळं. ताशी 900 हा मधल्या पट्ट्याचा वेग आहे, दोन्ही टोकांना तो लागू नाही. म्हणूनच जवळच्या प्रवासात तुमचं सूत्र जास्त फसतं. मोपा-मुंबई हवेतून 390 किलोमीटरच्या आसपास. भागाकार अर्धा तासही देत नाही, तिकीट मात्र सव्वा तासाचं. कंपन्या वर थोडी गादीही ठेवतात, म्हणजे जरा उशीर झाला तरी ‘वेळेवर पोचलो’ म्हणता येतं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं ते सांगते. थेट सेवा हंगामाप्रमाणे सुरू होते, बंद होते. ती रद्द झाली तर घाबरून जाऊ नका, आणि ‘मधे उतरायचं म्हणजे केवढा वळसा’ असंही समजू नका. मी आकडे काढून ठेवले आहेत. थेट 7,550. मुंबईमार्गे गेलात तर 7,600, मुंबई जवळजवळ वाटेवरच. दोहामार्गे 7,790, म्हणजे दोनशे-अडीचशे जास्त, हवेतली पंधरा मिनिटं. दिल्लीमार्गे 8,200, कारण आधी उत्तरेला जाऊन मग वळायचं. दोह्याला जे तीन-चार तास जातात ते अंतराचे नसून थांब्याचे आहेत. एकदा खाली उतरणं, सुरक्षा तपासणी, दुसऱ्या विमानाची वाट, पुन्हा चढणं. म्हणून तिकीट निवडताना वाट किती वाकडी ते बघू नका, थांबा किती तासांचा ते बघा. दीड तासाचा थांबा कागदावर सुरेख दिसतो. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं की धाप लागते. तुमच्या वयाला मी तीन तासांपेक्षा कमी घेणार नाही. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असू द्या, म्हणजे पुढचं विमान चुकलंच तर तुम्हाला पुढे पोचवण्याची जबाबदारी त्यांची.

गोव्यातला दुसरा घोटाळा विमानतळांचा. मोपा 5 जानेवारी 2023 ला सुरू झाल्यापासून आपल्याकडे दोन आहेत. हवेतून दोघांत 40 किलोमीटरचं अंतर, लंडनच्या हिशेबात तर फरक 25-30 किलोमीटरचा, विमानाला दोन मिनिटंही नाहीत. पण रस्त्याने साठ-पासष्ट किलोमीटर, आणि मधे सगळा गोवा. नवा झुआरी पूल झाला तरी पर्वरीची रहदारी कुणाला चुकली आहे? तिकिटावर दाबोळीला जीओआय आणि मोपाला जीओएक्स असतं. शेवटचं एकच अक्षर. ऑफिसात प्रत्येक तिकिटावर मी त्या अक्षराभोवती लाल पेनाने गोल करते. भाचा हसतो. हसू दे.

तारखेचा घोटाळा मात्र माझ्या हातून झालेला आहे, तो सांगते. फोंड्याच्या एका कुटुंबाचं विमान 12 तारखेला 00:35 ला होतं. फोनवर मी सहज बोलून गेले, ‘बाराच्या रात्रीचं आहे हो.’ ते लोक 12 ला घरी गणपतीला नारळ ठेवून, रात्रीचं जेवून, दाबोळीला आले. विमान आदल्या रात्रीच गेलेलं. काउंटरसमोर उभ्या त्या आजी मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, ‘आज बाराच ना गं?’ बाराच होती. त्यांची काही चूक नव्हती. आपला वार सूर्योदयाला बदलतो, पंचांग तसंच चालतं. मध्यरात्रीनंतरचे तास आपल्या मनात आदल्या दिवसाच्या खात्यावर असतात. तिकीट मात्र मध्यरात्रीला पान उलटतं. नव्या तिकिटांचे निम्मे पैसे मी भरले. तेव्हापासून रात्री बारा ते पहाटे चारच्या विमानांना मी चिठ्ठीवर तारीख लिहीतच नाही. लिहिते, ‘11 तारखेला, शनिवारी, संध्याकाळी 7 ला जेवण, 8 ला घरातून निघणे.’

तुमचं विमान भर दुपारचं आहे, त्यामुळे ही भानगड नाही. परतीचं रात्री 20:00 चं, तिथल्या घड्याळाने. ते दुसऱ्या तारखेला मोपाला उतरेल, म्हणून न्यायला येणाऱ्या पुतण्याला तारीख एकाने पुढची सांगा. स्विंडनला गॅटविकपेक्षा हीथ्रो बरंच जवळ पडतं, हे लेकीला ठाऊक असेलच. पण थेट विमानाची किंमत म्हणून तिला तेवढी जादा गाडी चालवू दे. खिडकीची जागा हवी असेल तर जाताना उजवीकडची मागा. दुपारभर विमान वायव्येला जातं, सूर्य डावीकडे असतो, तोंडावर ऊन नको असेल तर उजवी बाजू बरी. आणि सूर्याबरोबरच पश्चिमेला पळत असल्यामुळे तुमचा तो दिवस मावळता मावळणार नाही. डिचोलीत दिवेलागण होऊन तास-दीड तास झाला तरी तुमच्या खिडकीबाहेर उजेड असेल.

शेवटी तुमच्याच सूत्राकडे येते, कारण ते तुम्हाला परत द्यायचं आहे. घरातून 8:45 ला निघा, तासाभरात मोपा, दहापर्यंत आत. गॅटविकला 17:50 ला ठोकळे लागतील. पासपोर्टची रांग, सामान, 19:00 ला बाहेर. तिथून दोन तास गाडी, 21:00 ला स्विंडनचं दार. त्या वेळी डिचोलीत पहाटेचे अडीच. दारापासून दारापर्यंत 17 तास 45 मिनिटं झाली. आता भागा 7,550 ला. ताशी 425 येतं. म्हणजे तुमच्या कपाटावरच्या त्या पृथ्वीगोलावर, तासाला एक सेंटीमीटर.